मीनिंग लिहून घ्या

परकी भाषा शिकवताना विद्यार्थ्याच्या मातृभाषेचा वापर करावा की करू नये, हा भाषाशिक्षणातला जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे. त्यात दोन पक्ष उघड आहेत. पहिला म्हणतो, वर्गात मातृभाषेचा शब्दही नको. दुसरा म्हणतो, बेताने चालेल. तिसरा पक्ष प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांचा. तो वादात पडत नाही, कारण त्याला दिवाळीच्या सुट्टीआधी पोर्शन संपवायचा असतो. पहिल्या दोन पक्षांनी दीडशे वर्षांत कपाटे भरतील इतके ग्रंथ लिहिले. तिसऱ्याने फळ्यावर शब्द लिहिले, त्यांच्यापुढे बरोबरचे चिन्ह काढले आणि वर्गाला सांगितले, ‘मीनिंग लिहून घ्या.’ मराठी शाळांमधून जे काही इंग्रजी महाराष्ट्रात आले, ते बव्हंशी या बरोबरच्या चिन्हावरून चालत आले.

‘मातृभाषा’ हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. शाळेच्या दप्तरी मातृभाषा म्हणजे पाठ्यपुस्तकातली मराठी. गडचिरोलीत घरी गोंडी बोलणाऱ्या किंवा नंदुरबारच्या डोंगरात भिली बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ मिळाला, तरी त्या अर्थाचा अर्थ मिळायचा राहतोच. तो त्याला शेजारच्या बाकावरून कुजबुजत मिळतो. शास्त्राने या शेजारच्या बाकाची फारशी दखल घेतलेली नाही, पण परक्या भाषेच्या शिक्षणाचा बराच मोठा भाग तिथे, शिक्षकांची पाठ वळलेली असताना उरकला जातो.

मातृभाषेच्या आधाराने शिकवण्याची रीत युरोपात लॅटिनसाठी रूढ होती. कोमेनियसने १६५८ साली न्यूरेंबर्गला मुलांसाठी सचित्र पुस्तक काढले, तेव्हा चित्राखाली लॅटिन आणि जर्मन मजकूर शेजारी शेजारी छापला आणि कोणालाही त्यात गैर वाटले नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात हीच रीत ‘व्याकरण-भाषांतर पद्धती’ या नावाने पक्की झाली. आधी नियम, मग अपवाद, मग शब्दांची यादी आणि शेवटी भाषांतरासाठी वाक्ये. ही वाक्ये नियमाची सोय बघून जन्माला येत, त्यामुळे ती जगात कोणी कधी बोलेल अशी अट नव्हती. इंग्रज मुलांना फ्रेंच शिकताना भेटणारी ‘माझ्या आत्याची लेखणी’ इतकी गाजली की पुढे तिचा नुसता उल्लेख म्हणजेच या पद्धतीची थट्टा समजली जाऊ लागली. लेखणी आत्याची, आणि ती असायची काकाच्या टेबलावर. ती तिथे कशी गेली हे पुस्तक सांगत नाही. मराठी भाषांतरकाराची अडचण आणखी निराळी. मूळ फ्रेंच शब्दात आत्या, मावशी, काकू आणि मामी अशा चौघीजणी दाटीवाटीने राहतात, त्यामुळे लेखणी भाषांतरित करण्यापूर्वी त्याला त्या घराण्याची वंशावळ मांडावी लागते.

महाराष्ट्रात या पद्धतीचे सर्वात टिकाऊ स्मारक म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. इंग्रजीचे मराठी करा आणि मराठीचे इंग्रजी करा, या दोन आज्ञांवर तिने कित्येक पिढ्यांना इंग्रजीच्या पैलतीराला लावले. कोर्टातले कारकून, रेल्वेतले बाबू, तालुक्याच्या शाळेतले मास्तर हे सारे त्या पाठमालेतून गेले. तिच्यावर वाढलेल्या माणसाचे इंग्रजी ओळखू येई. ते व्याकरणाने अचूक, चालीने संथ आणि बोलायची वेळ आली की मुके असे. अर्ज तो अप्रतिम लिही. साहेब समोर आला की मात्र मनातल्या मनात मराठी वाक्य रचून, त्याचे भाषांतर करून, काळ तपासून तो तोंड उघडेपर्यंत साहेब पुढच्या टेबलाकडे गेलेला असे.

या मुकेपणाविरुद्ध पहिली मोठी आरोळी जर्मनीतून आली. १८८२ साली व्हिल्हेल्म फिएटोर यांनी एक पत्रक छापून सांगितले की भाषाशिक्षणाने आता उलट फिरलेच पाहिजे. भाषा म्हणजे बोलणे, तेव्हा ती बोलूनच शिकवा आणि मेलेल्या लॅटिनची रीत जिवंत भाषांना लावू नका, असा त्यांचा आग्रह होता. पत्रकावर त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही. टोपणनाव घेतले, आणि ते लॅटिन घेतले.

अमेरिकेत हे काम पत्रकाविना झाले. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ साली प्रॉव्हिडन्स या गावी भाषांची शाळा काढली. तिथली कथा अशी सांगतात की त्यांनी निकोला जोली नावाच्या फ्रेंच माणसाला त्याच्या सुरेख पत्रांवरून मदतनीस नेमले, आणि तो आल्यावर कळले की त्याला इंग्रजीचा गंध नाही. त्यात बर्लिट्झ आजारी पडले. वस्तू दाखव, हातवारे कर, जमेल ते कर, असे सांगून त्यांनी अंथरूण धरले. काही आठवड्यांनी उठून वर्गात आले तर विद्यार्थी आणि जोली यांची फ्रेंचमध्ये मजेत उत्तरे-प्रत्युत्तरे चाललेली. कथा खरी असो वा संस्थेच्या सोयीची, एका माणसाला दुसरी भाषा येत नव्हती एवढ्या भांडवलावर ‘प्रत्यक्ष पद्धती’ जगभर पसरली. त्यानंतर विद्यार्थ्यांची भाषा न येणे ही उणीव न राहता पात्रता ठरली.

हिंदुस्थानात या पद्धतीचा प्रचार करणाऱ्यांत पी. सी. रेन हे शिक्षणखात्यातले अधिकारी होते. हिंदुस्थानातल्या शाळांत इंग्रजी ‘प्रत्यक्ष’ कसे शिकवावे यावर त्यांनी १९११ साली पुस्तक लिहिले. पुढे ते कादंबऱ्यांकडे वळले आणि ‘फ्रेंच फॉरीन लीजन’ या सैन्यदलावरच्या ‘बो जेस्ट’ने त्यांना जगभर नाव दिले. भारतात मात्र घरोघरी त्यांचे नाव राहिले ते वेगळ्याच पुस्तकावर. नियम, अपवाद आणि रिकाम्या जागा भरा यांनी ठासून भरलेले जाडजूड ‘रेन अँड मार्टिन’ पाहून, त्यातले रेन हे व्याकरण न घोकता इंग्रजी शिकवा असे सांगणाऱ्यांपैकी होते, यावर सहसा कोणाचा विश्वास बसत नाही.

मातृभाषा बाहेर ठेवायची ठरवली की वर्गात काय होते, हे एकेका शब्दापाशी पाहावे लागते. ‘लीफ’ शिकवायचा आहे. शिक्षक अंगणातल्या आंब्याचे पान तोडून आणतात, उंच धरतात आणि तीनदा म्हणतात, ‘लीफ’. पहिल्या बाकावरची मुलगी समजते, लीफ म्हणजे हिरवा. तिच्या मागचा समजतो, लीफ म्हणजे आंबा. शेवटच्या बाकावरच्याला वाटते, झाडाचे काहीतरी तोडल्यामुळे सर कोणावर तरी चिडले आहेत. क्वाइन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६० साली नेमका हा प्रश्न सशाचे उदाहरण घेऊन मांडला. अनोळखी भाषेतला माणूस सशाकडे बोट दाखवून एक शब्द उच्चारतो. तो शब्द सशाचा, सशाच्या एखाद्या अवयवाचा की सशाच्या पळण्याचा, हे नुसत्या बोटावरून कसे ठरवणार? जिल्हा परिषदेच्या शाळेत तो प्रश्न रोज पडतो. फक्त तिथे त्यावर ग्रंथ होत नाही, सहामाहीत गुण जातात.

पान तरी दाखवता येते. ‘ऑनेस्ट’ आला की शिक्षकाला नट व्हावे लागते. एका प्रशिक्षणवर्गात सुचवली जाते तशी युक्ती अशी: शिक्षकांनी चालता चालता दहाची नोट खाली पाडायची, एका मुलाने ती उचलून परत द्यायची, आणि शिक्षकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘ऑनेस्ट बॉय’ म्हणायचे. नोट पडते. तीन मुले एकदम धावतात. एकाचे डोके बाकाला आपटते. शेवटी नोट मिळते, शब्द उच्चारला जातो आणि निम्मा वर्ग मनातल्या मनात नोंद करतो की ऑनेस्ट म्हणजे धडपडणारा. ‘ऑनेस्ट म्हणजे प्रामाणिक’ एवढे म्हणायला दोन सेकंद लागले असते.

मात्र पहिल्या पक्षाची तक्रार अगदीच पोकळ नाही, हे याच शब्दावरून दिसते. दोन सेकंदांत ‘प्रामाणिक’ सांगून झाल्यावर पस्तीस मिनिटांच्या तासात बरीच मिनिटे उरतात. तेवढ्यात शिक्षकांना राजा हरिश्चंद्र आठवतो. तो आठवला की तारामती आणि रोहिदास येतात, स्मशान येते, डोंबाघरचे पाणी येते. वर्ग तल्लीन होतो. घंटा होते तेव्हा मुलांना सत्यवचनाचे महत्त्व पूर्ण पटलेले असते आणि इंग्रजीचा एकच शब्द झालेला असतो. मातृभाषा बेताने वापरावी, असे म्हणणाऱ्यांची सगळी अडचण ‘बेताने’ या शब्दात आहे. बोलण्याचा बेत मराठी माणसाला सहसा पाळता येत नाही.

इंग्रजीच्या बाबतीत मनाईला राजकीय बळ मिळाले ते १९६१ साली. युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुलातल्या इंग्रजी शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरली. तिच्यातून पुढे आलेल्या पाच समजुती रॉबर्ट फिलिपसन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात मोजून दाखवल्या आणि पाचही खोट्या ठरवल्या. इंग्रजी फक्त इंग्रजीतून शिकवावे, शिक्षक जन्मजात इंग्रजी बोलणारा असावा, जितके लवकर तितके बरे, जितके जास्त तितके बरे आणि इतर भाषा फार वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो, अशा त्या समजुती. फिलिपसन यांचे पुस्तक विद्यापीठांत अभ्यासाला लागले. पाच समजुती मात्र तिथून सुटून इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या माहितीपत्रकात जाऊन बसल्या, आणि तिथे त्यांना खोडून काढायला अजून कोणी गेलेले नाही.

माहितीपत्रकातला नियम आवारात पाळायचा तर दंड हवा. या दंडाचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवत. दुसरे कोणी वेल्श बोलताना सापडले की तो त्याच्या गळ्यात जाई, आणि दिवसाखेर ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. केनियात गिकुयू बोलणाऱ्या मुलांमध्ये असेच एक बटण फिरवले जाई, हे न्गुगी वा थिओंगो यांनी १९८६ च्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. ही यंत्रणा क्रूर खरीच, पण तिच्यात एक गंमतही होती. तुकडा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा तर त्याला मातृभाषेत बोलते करावे लागे, आणि त्यासाठी मातृभाषेतच चिडवण्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. आपल्याकडच्या शाळांत लाकडाऐवजी रोख दंड असतो किंवा वहीत शेरा. मधल्या सुट्टीत नियम निर्धोकपणे चालतो तो डबे उघडेपर्यंत. भांडण सुरू झाले की इंग्रजी संपते. धावताना पडलेल्या मुलाच्या तोंडून ‘आई गं’ निघाले, तर ते मराठी धरायचे की दुखणे, याची तरतूद नियमावलीत नसते.

मराठी माध्यमात प्रश्न उलट बाजूने येतो. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून होते, नंतर ते पाचवीपासून झाले आणि २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात सरसकट पहिलीपासून आले. म्हणजे ज्या मुलाला अजून ‘क’ला काना नीट जोडता येत नाही, त्याच्यापुढे इंग्रजी सर्वनामे ठेवली गेली. ही सर्वनामे मराठी कानाला कशी लागतात हे जवळून पाहण्यासारखे आहे. ‘आय’ म्हणजे आई, हे खेड्यातल्या मुलाला जन्मापासून माहीत असते. बाई सांगतात, आय म्हणजे मी. ‘ही’ म्हणजे समोरची मुलगी. बाई सांगतात, ही म्हणजे तो. ‘शी’ म्हटल्यावर वर्गात अर्धा मिनिट हशा पिकतो, तो ओसरल्यावर बाई सांगतात, शी म्हणजे ती. ‘दे’ म्हणजे हात पुढे करून मागणे, तर बाई म्हणतात, दे म्हणजे ते. ‘यू’ तेवढा निरुपद्रवी वाटतो, पण त्यात तू, तुम्ही आणि आपण तिघेही येतात असे कळल्यावर मुले बाईंकडे संशयाने पाहू लागतात, कारण घरी आजोबांना ‘तू’ म्हटल्याबद्दल काहींनी नुकताच मार खाल्लेला असतो. या गोंधळात मराठीवर बंदी घालणे म्हणजे आग लागल्यावर पाण्यावर बंदी घालणे होय. ‘ही’ मराठी नाही हे मुलाला मराठीतच सांगावे लागते.

मुलांनी यावर स्वतःची शास्त्रे काढलेली आहेत. त्यांच्या वहीत तीन रकाने असतात: शब्द, उच्चार, अर्थ. मधला रकाना देवनागरीत आणि पेन्सिलने, कारण तो बाईंना दाखवायचा नसतो. स्पेलिंगसाठी निराळी विद्या आहे. ‘नॉलेज’चे स्पेलिंग पाठ करायचे तर ते ‘कनोलेडगे’ असे वाचायचे, बुधवार ‘वेडनेसडे’ असा म्हणायचा. इंग्रजी लिपीला मराठी उच्चाराची शिस्त लावून, मग परीक्षेत ती शिस्त काढून टाकायची, अशी ही कसरत. ती कोणत्याही अध्यापनशास्त्राच्या पुस्तकात नाही आणि कोणत्याही वर्गात शिकवावी लागत नाही. मोठी भावंडे लहानांना देतात.

शिक्षणखात्याची भूमिका या सगळ्यात मोठी रंजक आहे. प्रशिक्षणात शिक्षकांना सांगितले जाते की इंग्रजीच्या तासाला जास्तीत जास्त इंग्रजी बोला, भाषांतर टाळा. आणि दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत शब्द आणि वाक्ये आपल्या माध्यमाच्या भाषेत भाषांतरित करा असा प्रश्न येतो. संस्कृतच्या पेपरात ही कबुली तर थेट संस्कृतातच असते. ‘माध्यमभाषया’ हा शब्द ज्याला कळला, त्याला त्या प्रश्नाचे उत्तर मराठीत लिहायची मुभा मिळते, आणि पुष्कळांच्या बाबतीत आयुष्यभर लक्षात राहिलेला तोच एक संस्कृत शब्द असतो. संस्कृतची आणखी एक गोष्ट. रा. गो. भांडारकरांची संस्कृतची दोन प्रसिद्ध पाठ्यपुस्तके मराठी मुलांनी पिढ्यानपिढ्या वापरली, आणि ती होती इंग्रजीत. ज्या भाषेतून मराठीचा निम्मा शब्दकोश आला, तिच्याकडे मराठी मुलगा लंडनमार्गे जात असे.

अलीकडे ‘सेमी इंग्लिश’ नावाचा प्रकार रूढ आहे. यात गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळे मराठीत. नाव अर्धवट वाटले तरी ते अत्यंत अचूक आहे. ‘इक्विलॅटरल ट्रँगलच्या तिन्ही साइड्स इक्वल असतात, म्हणून अँगल्सपण इक्वल येतात, कळलं का?’ या वाक्यात नामे आणि विशेषणे इंग्रजी, प्रत्यय आणि क्रियापदे मराठी. फोर्स अप्लाय केला की बॉडी मूव्ह होते. अ‍ॅसिडमध्ये लिटमस बुडवला की तो रेड होतो. भाषाशास्त्रज्ञ याला भाषामिश्रण म्हणतात आणि त्यावर शोधनिबंध लिहितात. पालक याला ‘सेमी’ म्हणतात आणि प्रवेशासाठी रांग लावतात. मुलाला यातून इंग्रजी किती येते हा वादाचा विषय असेल, पण मराठी विभक्तिप्रत्यय कुठल्याही शब्दाला लावण्यात ती मुले तरबेज होतात.

मातृभाषेवरचा सर्वात गंभीर आरोप असा की ती परक्या भाषेत चुका घडवते. रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ साली दोन भाषांची रचना शेजारी ठेवून, जिथे फरक तिथे चूक होणार, असे सूत्र मांडले. मराठी माणसाचे इंग्रजी ऐकले की सूत्र पटते. ‘एक काम करा’वरून आलेले ‘डू वन थिंग’, ‘सख्खा भाऊ’वरून आलेले ‘रियल ब्रदर’, ‘आज सकाळी’वरून आलेले ‘टुडे मॉर्निंग’ आणि दुखणारे डोके, जे मराठीत स्वतः दुखते म्हणून इंग्रजीतही ‘पेनिंग’ करत राहते. पण पिट कॉर्डर यांनी १९६७ साली वेगळीच बाजू दाखवली. शिकणाऱ्याच्या चुकांना स्वतःची पद्धत असते, त्या गुन्हा नसून प्रगतीची खूण असतात. ‘गो’चा भूतकाळ ‘गोएड’ करणारे मूल नाशकात सापडते आणि मँचेस्टरमध्येही सापडते. तिथे खापर मराठीवर फोडायला जागा नाही. शिवाय ‘डू वन थिंग’ ऐकून भारतात आजवर कोणाचे काम अडलेले नाही. समोरचा ते एक काम करून टाकतो.

मातृभाषेला वर्गात परत मानाने बोलावण्याचे काम, योग्य ठिकाणीच, वेल्समध्ये झाले. जिथे एके काळी भाषेपायी गळ्यात लाकूड अडकवले जाई, त्या देशातल्या अ‍ॅबरिस्टविथ इथे सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली ‘द्विभाषिक पद्धती’ मांडली. कृती साधी. शिक्षकाने परक्या भाषेत वाक्य म्हणायचे, लगेच हलक्या आवाजात मातृभाषेतला अर्थ द्यायचा, पुन्हा परके वाक्य म्हणायचे आणि मग मुलांकडून म्हणवून घ्यायचे. मातृभाषा मध्ये एकदाच येते, काम करते आणि निघून जाते. हरिश्चंद्राला इथे जागाच नाही. पुढे जर्मनीतल्या व्होल्फगांग बुट्सकाम यांनी या विचाराला धार लावली: माणूस भाषा म्हणजे काय हे एकदाच शिकतो, मातृभाषेतून, आणि पुढच्या प्रत्येक भाषेत तेच ज्ञान वापरतो. तेव्हा ते ज्ञान वर्गाबाहेर काढून ठेवा म्हणणे व्यर्थ आहे.

याहून धाडसी प्रयोग चार्ल्स करन या अमेरिकी धर्मगुरू-मानसशास्त्रज्ञाने केला. त्याच्या वर्गात विद्यार्थी वर्तुळ करून बसतात आणि मनात येईल ते मातृभाषेत बोलतात. शिक्षक मागे उभा राहून कानात परक्या भाषेतले वाक्य सांगतो आणि विद्यार्थी ते मोठ्याने म्हणतो. हे सगळे ध्वनिमुद्रित होते आणि मग त्यावर अभ्यास चालतो. यात शिक्षकाला दोन्ही भाषा अस्खलित यायला हव्यात, आणि वर्ग डझनभरांचा असायला हवा. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाने प्रत्येकाच्या मागे धावत कानात कुजबुजायचे म्हटले, तर तास संपताना त्याला बोलणे नाही, पाणी लागेल.

बाजाराने मात्र या सिद्धान्तांची वाट पाहिली नाही. ‘फाडफाड इंग्रजी बोला’ असे वचन देणारे क्लास मराठीतूनच शिकवतात. कपिल देवने जाहिरात केलेला ‘रॅपिडेक्स’ कोर्स देशी भाषांमधूनच खपला. मोबाइलवरची भाषा शिकवणारी आजची अ‍ॅपही बऱ्याच अंशी भाषांतरावर चालतात, आणि त्यांतली वाक्ये पाहिली की आत्याची लेखणी हरवलेली नाही, फक्त चार्जिंगला लावली आहे, असे वाटते.

महाराष्ट्रातल्या सगळ्यात मजेशीर परिस्थितीकडे शास्त्राचे फारसे लक्ष गेलेले नाही. पुणे हे परकीय भाषा शिकण्याचे मोठे केंद्र आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटपासून मॅक्स म्युलर भवनापर्यंत जर्मन, जपानी, रशियन, फ्रेंच अशा भाषा तिथे वर्षानुवर्षे शिकवल्या जात आहेत. शिकणारे पुष्कळदा मराठी, शिकवणारे पुष्कळदा मराठी, आणि समजावण्याची भाषा सर्रास इंग्रजी. आता जपानी वाक्य असे: ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु.’ मी भात खातो. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी, आणि शब्दांमागे चिकटणारे ‘वा’, ‘ओ’, ‘नि’, ‘नो’ हे प्रत्यय. ‘यामादा-सान नो होन’ म्हणजे यामादांचे पुस्तक. ‘नो’ म्हणजे चा-ची-चे. प्रश्न करायचा तर शेवटी ‘का’ लावायचा. ताबेमासु का? खाता का? मराठी माणसाला यात शिकण्यासारखे फारच थोडे आहे. पण इंग्रजीतून शिकताना त्याला आधी सांगतात की वाक्यात क्रियापद मध्ये असते, मग सांगतात की जपानीत ते ‘शेवटी जाते’, मग सांगतात की प्रीपोझिशन नावाचा प्रकार असतो आणि जपानीत तो उलटा, मागून येतो. शेवटी सगळे उलटे करून तो परत मूळ मराठी वाक्यापाशी पोहोचतो, आणि जपानी अवघड भाषा आहे असे घरी सांगतो. ‘मिन्ना नो निहोंगो’ हे तिथले लोकप्रिय पुस्तक अख्खे जपानीत आहे आणि अर्थ-व्याकरणाची जोडपुस्तिका निरनिराळ्या भाषांत वेगळी मिळते. पुण्यातल्या विद्यार्थ्याच्या पिशवीत असते ती इंग्रजीची.

जर्मनचेही तेच. तिथे नामांना तीन लिंगे आहेत, आणि इंग्रजीतून शिकवताना हा मोठा आघात म्हणून सांगितला जातो. चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी, काय हा अन्याय! ज्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात तो चमचा, ती वाटी आणि ते ताट वर्षानुवर्षे एकत्र नांदत आहेत, त्या मुलांनी यावर चकित होण्याचे कारण नाही, पण इंग्रजीत चकित होणे सोपे जाते. ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, जर्मनमध्ये नपुंसकलिंगी असते, यावर तर परदेशी लेखकांनी खूप विनोद केले. मराठीत ते पोरगं, ते लेकरू, ते कार्टं रोज घराघरांत वावरते आणि लाडाने किंवा रागाने लहान केलेले मूल नपुंसकलिंगात जाते हा प्रकार आपल्याकडेही चालतो. आदराच्या ‘झी’ आणि जवळिकीच्या ‘डू’साठी इंग्रजीत अख्खा परिच्छेद लागतो, मराठीत ‘तुम्ही’ आणि ‘तू’ म्हटले की संपले. फक्त ते म्हणणार कोण, हा प्रश्न आहे. परकी भाषा शिकायला आलेल्या मराठी माणसाला दुसऱ्या मराठी माणसाने ती मराठीतून शिकवली, तर फी जास्त झाली असे दोघांनाही वाटते.

अखेरीस, ज्यांची शाळेतली भाषा इंग्रजी आहे अशा मराठी मुलांना मराठी शिकवण्याचा प्रकार उरतो. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, आणि इंग्रजी माध्यमात मराठीचा तास घेणाऱ्या बाईंना अनपेक्षित शोध लागला: या वर्गात आधाराची भाषा इंग्रजी आहे. ‘विरुद्धार्थी शब्द म्हणजे ऑपोझिट वर्ड्स, बरं का. समानार्थी म्हणजे सिनॉनिम्स.’ वर्गाबाहेर फक्त इंग्रजी बोला अशी पाटी, आणि आत फक्त मराठी बोला असा बाईंचा आग्रह. दोन्ही आदेशांना मुले हिंदीतून उत्तर देतात. अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळांत हेच चालते, तिथे बाई स्वयंसेवक असतात आणि मुलांना घरी न्यायला पालक बाहेर गाडीत बसलेले असतात. तिथल्या वह्यांतही तीन रकाने असतात: शब्द, उच्चार, अर्थ. मधला रोमन लिपीत, पेन्सिलने. अंकांचा धडा आला की बाई फळ्यावर एकोणसाठ लिहितात आणि म्हणतात, ‘फिफ्टी नाइन.’ वर्गातला एक मुलगा विचारतो की यात ‘साठ’ आहे तर सिक्स्टी का नाही. बाई म्हणतात, ‘वन लेस दॅन सिक्स्टी. आधी मीनिंग लिहून घ्या, मग सांगते.’